कारण शोधणाऱ्या कमलताई

हल्ली चार बायका जमल्या की एकीला तरी थायरॉइड झालेलं असतं, दुसरीची पाळी मागेपुढे होत असते आणि तिसरीचं वजन काही केल्या उतरत नसतं. मग सगळ्यांचं निदान एकाच शब्दात होतं, हार्मोन्स! हा शब्द आता शहापूरच्या बाजारपेठेत, मुरबाडच्या एसटी स्टँडवर, बचत गटाच्या बैठकीत, कुठेही कानावर पडतो. पण मैत्रिणींनो, हे हार्मोन्स करतात तरी काय, असं विचारलं की बहुतेक जणी गप्प होतात. माहिती नसली की मग उरतं नशीब, नाहीतर कुणाची तरी नजर, नाहीतर मागच्या जन्मीचं काहीतरी.

म्हणून आज मी तुम्हाला एका मराठी बाईंची ओळख करून देणार आहे. बाईच्या शरीरातल्या दुखण्यामागे नशीब न बघता कारण शोधायचं, हे काम त्यांनी प्रयोगशाळेत बसून आयुष्यभर केलं. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. २०२१ साली ८ नोव्हेंबरला गूगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा आजच्या मुलींना हे नाव पहिल्यांदा कळलं. खरं तर १९८२ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आपल्या सगळ्या मुलांनी भरपूर शिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कमलताई हुजूरपागेत शिकल्या आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गेल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. मुलीनं मात्र दोन्ही गोष्टी आपल्या मनाप्रमाणे केल्या. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या विशेष गुणवत्तेनं पदवीधर झाल्या. मग पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी पुढचा अभ्यास केला, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणिताचे अभ्यासक असलेल्या जयसिंग रणदिवे यांच्याशी.

त्या काळात लग्नानंतर शिक्षण सुटायचं, हे आपल्याला आजी-पणजीच्या गोष्टींवरून माहीतच आहे. कमलताईंचं सुटलं नाही. त्यांची एम.एस्सी. लग्नानंतर, १९४३ मध्ये झाली आणि त्या अभ्यासात नवऱ्याचा हातभार मोठा होता. संसार मुंबईत थाटला, तिथे त्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये कामाला लागल्या. हे कॅन्सरचं हॉस्पिटल १९४१ मध्येच सुरू झालेलं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. झाडांच्या पेशी बघायची सवय झालेली नजर आता रोगी पेशींवर लागली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवायच्या आणि वाढवायच्या, हे तंत्र तिथे चालायचं. त्याला ऊतिसंवर्धन म्हणतात. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढल्या, त्या आजही जगभर वाढवल्या जातात. त्या पेशी घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं. कमलताई हे तंत्र शिकून मायदेशी परत आल्या. डॉ. खानोलकरांनी मुंबईत उभ्या केलेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. आपल्या देशातली या प्रकारची ती पहिली मानली जाते.

आता त्यांचा मुख्य प्रश्न काय होता, ते बघू. स्तनाचा कॅन्सर काही जणींना का होतो आणि बाकीच्यांना का होत नाही? हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी हार्मोन्सची ओळख करून घ्यावी लागेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा ग्रंथींचा धडा आला की मुली मान खाली घालून बसायच्या. मग मी सुरुवात पाण्यापासून करायचे. आपल्या तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला जातं ते पाइपातून. शरीरातल्या काही ग्रंथी अशाच असतात, त्यांचा पाइप ठरलेला. लाळ तोंडात येते, घाम कातडीवर येतो, आईचं दूध स्तनाग्राशी येतं. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना पाइपच नसतो. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. या अंतःस्रावी ग्रंथी, आणि त्यांच्या रसातले निरोपे म्हणजे हार्मोन्स. मराठीत त्यांना संप्रेरकं म्हणतात.

रक्त तर सगळ्या शरीरभर फिरतं. मग निरोप बरोबर जागी कसा पोचतो? कसाऱ्याहून निघालेली लोकल खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंद अशी सगळीकडे थांबते, पण आटगावची बाई आटगावलाच उतरते. हार्मोन्सचंही तसंच. ज्या पेशीवर त्या हार्मोनचं कुलूप असतं, तिथेच त्याची किल्ली लागते. बाकीच्या पेशींजवळून ते नुसतं निघून जातं. त्यामुळे रक्तात अगदी कणभर असलं तरी काम होतं.

हे कळलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या नसा तोडून बघितल्या. नसा तोडल्यावरही आतड्यात आम्ल आलं की स्वादुपिंड आपला रस सोडतच होतं. म्हणजे निरोप नसांतून न जाता रक्तातून जात होता. हार्मोन हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला. चेतवणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे.

या सगळ्या कारभाराची मुकादम म्हणजे मेंदूच्या खाली असलेली वाटाण्याएवढी पियूषिका. तिच्यावरही मेंदूचा अंकुश असतोच. मानेत पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड असते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात, पोटात स्वादुपिंड आणि ओटीपोटात अंडाशय. म्हणजे बघा, थायरॉइड हा काही आजार नाही, ती प्रत्येकीच्या गळ्यात असतेच. तिचं काम कमी किंवा जास्त झालं की आजार.

तपासणीच्या कागदावर टीएसएच असं लिहिलेलं असतं, तो थायरॉइडला कामाला लावणारा पियूषिकेचा हुकूम. घरावरची पाण्याची टाकी भरली की आतला चेंडू वर येतो आणि पाणी बंद होतं. टाकी रिकामी झाली की पाणी पुन्हा सुरू. तसंच इथे आहे. थायरॉइडचं हार्मोन रक्तात पुरेसं असलं की पियूषिका शांत राहते. ते कमी पडलं की ती हुकूम वाढवते. म्हणून आकडा वाढलेला दिसला की बहुतेक वेळा थायरॉइड मंद झालेली असते. आकडा जास्त म्हणजे थायरॉइड जास्त, असा कित्येक जणींचा समज असतो, तो उलटा आहे. हे हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरायचं. गोळी सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही.

अशीच देवाणघेवाण पाळीच्या चक्रात चालते. पियूषिका अंडाशयाला जागं करते. अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं, त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन येतं आणि ते अस्तर सांभाळून ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन्स उतरतात, अस्तर गळून पडतं आणि पाळी येते. यात विटाळ मानण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचं कुलूप स्तनातल्या पेशींवरही असतं. त्यामुळे पाळीच्या आधी स्तन जड होतात, दुखतात. ते दुखणं बहुधा या निरोपांचं असतं, कॅन्सरचं नसतं.

पण प्रत्येक चक्रात स्तनातल्या पेशींना वाढीचा निरोप मिळतो, काही पेशी दुभंगून नव्या होतात. प्रत्येक नवी पेशी बनताना नक्कल करण्यात चूक व्हायची थोडी शक्यता असते. अशा चुका साठत गेल्या की एखादी पेशी कुणाचंच ऐकेनाशी होते. कॅन्सरची सुरुवात अशी होते.

कॅन्सरचा अंडाशयाशी संबंध आहे, हे आधी एका सर्जनच्या लक्षात आलं. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईचं अंडाशय काढलं आणि गाठी लहान झाल्याचं १८९६ मध्ये जाहीर केलं. त्या वेळी हार्मोन हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. पुढचं पाऊल उंदरांच्या मदतीनं पडलं, आणि त्यातही एका बाईचा हात होता. अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप नावाची एक शाळामास्तरीण होती. तिनं कोंबड्या पाळून बघितल्या, ते जमलं नाही, मग हौसेचे उंदीर पाळून विकू लागली. तिच्या उंदरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या, तेव्हा तिनं ते शास्त्रज्ञांना कळवलं. तिनं आणि लिओ लोब यांनी मिळून १९१६ मध्ये दाखवलं की माद्यांचं अंडाशय काढून टाकलं की स्तनाच्या गाठी कमी होतात. १९३२ मध्ये फ्रान्सच्या लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन दिलं, तर त्यांनाही स्तनाचा कॅन्सर झाला. आणि १९३६ मध्ये बिटनर यांना आढळलं की कॅन्सर होणाऱ्या वाणाची पिल्लं दुसऱ्या निरोगी वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली, तर त्यांना कॅन्सर कमी होतो. त्या वाणाच्या दुधातून एक विषाणू जात होता, हे पुढे कळलं.

कमलताई या कामात शिरल्या, तेव्हा असे वेगवेगळे धागे समोर होते. कुणी म्हणे आनुवंशिकता, कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे हार्मोन. कमलताईंनी हे धागे एकमेकांत कसे गुंफले जातात, ते तपासलं. उंदरांचे वाण सांभाळायचे, पिढ्यांच्या नोंदी ठेवायच्या, पेशी भांड्यात वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, असं हे वर्षानुवर्षांचं चिकाटीचं काम. कॅन्सर होण्याची शक्यता ही हार्मोन आणि गाठीचा विषाणू यांच्या एकमेकांवरच्या परिणामाशी बांधलेली आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. रक्ताचा कॅन्सर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांवरही त्यांनी काम केलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरच्या त्यांच्या अभ्यासाचा लशीच्या संशोधनाला उपयोग झाला. १९६६ ते १९७० या काळात त्या संपूर्ण केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर घरोघरी घोटाळा व्हायचा. तो विषाणू उंदरांचा. आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कॅन्सर होतो, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्यानं आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो. तेव्हा बाळाला दूध बिनधास्त पाजा.

कमलताईंच्या पिढीनं उंदरांत जे शोधलं, त्याचा धागा पुढे औषधापर्यंत गेला. स्तनाच्या अनेक गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेनचं कुलूप असतं. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्या कुलपात जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनची किल्ली लागू देत नाही. १९७० च्या दशकापासून ती वापरात आहे. आज टाटात किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा तपासला की ईआर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, असं लिहून येतं, ते याच कुलपाबद्दल. आसनगावहून लोकल पकडून परळला उपचाराला जाणाऱ्या आपल्यातल्या कित्येक जणी हा कागद पिशवीत घेऊन जातात. त्यावर काय लिहिलंय, हे समजलं तर मनावरचं ओझं थोडं तरी हलकं होईल.

मला कमलताईंच्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी एकाच कारणावर बोट ठेवलं नाही. आपल्याकडे बाईला गाठ झाली की लगेच कुणीतरी दोषी लागतं. हिनं मूल उशिरा होऊ दिलं, हिनं पाजलं नाही, हिच्या माहेरीच ते आहे. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा बंद होणं, पहिलं मूल उशिरा होणं, पाळी गेल्यावर वजन फार वाढणं, यांनी धोका थोडा वाढतो, हे खरं. वजन का, तर त्या वयात अंडाशय थांबलं तरी चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं. पण यातलं काहीच नसताना गाठ होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि हे सगळं असून निरोगी राहणाऱ्याही पुष्कळ. कारणं अनेक असतात, ती एकमेकांत मिसळतात, आणि त्यातली बरीचशी बाईच्या हातात नसतात. मग तिला बोल लावून काय मिळतं? ती अजून गप्प बसते, एवढंच.

कमलताईंना दुसऱ्या बायकांचीही काळजी होती. विज्ञानात शिरणाऱ्या मुलींच्या वाटेत घर, मूल, राहायची जागा अशा अडचणी असतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना उभी केली. वाशीला या संघटनेचं केंद्र झालं, तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही सुरू झालं.

निवृत्तीनंतर आराम करायचं सोडून त्या कुठे गेल्या, माहीत आहे? आपल्या शेजारी! मुरबाडच्या बेलपाड्यातून मान वर केली की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दिसतो. त्या कड्याच्या वरचा मुलूख म्हणजे अकोले तालुका, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. शहापूरकडून चोंढ्याच्या वर घाटघर येतं, तेही अकोल्यातच. तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली आणि गावागावातल्या बायकांना आरोग्याचा सल्ला देण्याचं काम हाती घेतलं. आपल्याकडच्या ठाकर, महादेव कोळी वाड्यांत जे प्रश्न आहेत, तसलेच तिथले. हार्मोन्स शेवटी अन्नातूनच घडतात. काही प्रथिनांपासून, काही चरबीपासून, थायरॉइडचं आयोडीनच्या मदतीनं. ताटात डाळ, नाचणी, अंडं, पालेभाजी नसेल, तर ग्रंथी तरी काय करणार? पोटभर न मिळणाऱ्या मुलीची पाळी उशिरा येते किंवा थांबतेही. उंदरांच्या पेशी बघणाऱ्या बाई वाडीवरच्या मुलांकडे वळल्या, यात मला तरी काही वेगळं वाटत नाही.

कमलताई ११ एप्रिल २००१ रोजी गेल्या. आता आपण त्यांच्याकडून काय घ्यायचं?

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, अंघोळीच्या वेळी स्वतःचे स्तन हातानं आणि डोळ्यानं तपासायचे. आधी नव्हती अशी गाठ, मग ती दुखत नसली तरी, काखेत गाठ, कातडीला खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्ताळ पाणी, यातलं काही दिसलं तर चार दिवस बघू म्हणायचं नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवायला डॉक्टरांचा हात आणि तपासणी लागते. लाज वाटत असेल तर आधी आशाताईला सांगा, उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा, त्या पुढची वाट दाखवतील. पाळी अचानक अनियमित झाली, गळा सुजल्यासारखा वाटला, कारण नसताना वजन झपाट्यानं वाढलं किंवा उतरलं, तर अंगारा-धुपाऱ्यात महिने घालवू नका. सासूबाईंची, आईची चौकशी करा, कारण पाळी गेलेल्या बाईला आता काही होत नाही, असा घरात गैरसमज असतो. स्तनाच्या गाठीचा धोका वयाबरोबर वाढतो.

दुखणं अंगावर काढण्यात आपण बायका फार तरबेज आहोत. गाठ लवकर सापडली तर पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात, उशीर झाला की उपचार लांबतात आणि खर्चही वाढतो. तेव्हा मैत्रिणींनो, अंगात काही वेगळं वाटलं तर कारण विचारा. डॉक्टरांनी कागद हातात दिला की हे काय लिहिलंय म्हणून विचारा. एकदा सांगून समजलं नाही, तर पुन्हा विचारा.